स्वर तेच, षड्ज निराळा

आमची सोसायटी पाडायचे नक्की झाले आणि सगळ्या बिऱ्हाडांना एकदम तिच्याविषयी प्रेम वाटू लागले. जिच्या गळक्या गच्चीला, अंधाऱ्या जिन्याला आणि पाण्याच्या टाकीला आम्ही चाळीस वर्षे नावे ठेवली, ती इमारत आता जाणार म्हटल्यावर जो तो जिन्यात थांबून हळवे बोलू लागला. बिबवेवाडीत सध्या हे नवीन नाही. एखादी जुनी तीनमजली इमारत पत्र्याच्या कुंपणाआड जाते, महिना-दोन महिने धूळ उडते आणि मग तिच्या जागी एवढी उंच इमारत उभी राहते की, खालून मजले मोजताना मान दुखावी. यंदा आमची पाळी आली. जाण्यापूर्वी एक स्मरणिका काढावी असे कमिटीने ठरवले. आता, सोसायटीत मराठीचा प्राध्यापक राहत असला म्हणजे स्मरणिका कोणी लिहायची हा प्रश्नच उरत नाही. मी कॉलेजात काय शिकवतो याची चौकशी इतक्या वर्षांत कोणी केली नव्हती. त्या दिवशी मात्र अध्यक्ष म्हणाले, "सर, हे तर तुमचंच काम!" मी फुगलो आणि होकार देऊन बसलो.

बिबवेवाडी हे मुळात पुण्याबाहेरचे खेडे. शहर वाढत वाढत आले आणि गाव पोटात घेऊन कात्रज-कोंढव्याकडे पुढे गेले. त्यामुळे इथे एका जिन्यात माणसांच्या जितक्या तऱ्हा भेटतात, तितक्या पेठेतल्या एका वाड्यात भेटत नसत. आमच्या चोवीस बिऱ्हाडांत मार्केट यार्डात गूळ-साखरेची दुकानदारी करणारे मारवाडी शेठजी आहेत. एस. टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले सातारकडचे दादा आहेत. सदाशिव पेठेतून जागेच्या टंचाईने इकडे आलेले आणि अजूनही 'आम्ही मूळचे पेठेतले' असे बजावून सांगणारे एक जोडपे आहे. तळमजल्यावर माण तालुक्यातून आलेल्या काकू आहेत. काकू त्या काळी भाडेकरू होत्या. पुढे लोकांच्या घरी पोळ्या लाटून लाटून त्यांनी तीच जागा विकत घेतली.

वही घेऊन मी घरोघर हिंडलो. चहा किती झाले याचा हिशेब नाही. शेवटी चौदा पानांचा मजकूर तयार झाला आणि, माझे मीच सांगतो, बरा उतरला. गच्चीवर सतरंज्या घालून तो वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. पेठेतल्या बाईंनी डोळे पुसले. सगळे उठून गेल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता काकू म्हणाल्या,

"ग्वाड लिवलंय, सर. पन एक इचारू का? ह्यात मी कुठं बोललेय? समदं तुमीच बोललाय की."

"काकू, तुम्ही सांगितलंत तेच लिहिलंय ना?"

"ते पान्याचं वाचलंसा, एकजुटीनं का काय ते. एकजुटीनं व्हय? त्या राती माजा तांब्याचा हंडा रस्त्यावर भिरकावला हुता. ते न्हाई लिवलं."

माझे वाक्य असे होते : 'पाणीटंचाईच्या काळात रहिवाशांनी एकजुटीने संकटाला तोंड दिले.' वाक्य व्याकरणशुद्ध होते. टाळ्या बहुधा त्यालाच जास्त पडल्या होत्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. लागली, पण उशिरा. कारण त्याच आठवड्यात मी एम. ए.च्या मुलांना कादंबरीतले अनेक आवाज हा विषय शिकवत होतो आणि लेखकाने पात्रांच्या तोंडून स्वतः बोलू नये, असे टेबलावर हात आपटून सांगत होतो.

हा विषय मूळचा एका रशियन समीक्षकाचा. त्याचे नाव मिखाईल बाख्तीन. दोस्तोएव्हस्कीच्या कादंबऱ्यांवर त्याने १९२९ साली एक पुस्तक लिहिले. त्याच सुमारास त्याला अटक झाली, पुढे हद्दपारीची शिक्षा झाली आणि पुस्तकाची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघायला १९६३ साल उजाडले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : इतर कादंबऱ्यांत पात्रे कितीही असली तरी शेवटचा शब्द लेखकाचा असतो; दोस्तोएव्हस्कीच्या कादंबरीत पात्रे लेखकाच्या तोडीस तोड उभी राहतात आणि त्याच्याशीही वाद घालतात. स्वतः दोस्तोएव्हस्की श्रद्धाळू ख्रिस्ती होता. पण 'कारामाझोव्ह बंधू'मध्ये देवाच्या जगाविरुद्धची तक्रार त्याने इव्हानच्या तोंडी अशी घातली आहे की, भल्याभल्या धर्मोपदेशकांना उत्तर सुचू नये. आपल्या विरोधकाला इतके चांगले बोलू देणे ही सोपी गोष्ट नव्हे. घरातल्या भांडणात करून पाहावे, म्हणजे कळेल.

या गुणाला बाख्तीनने नाव दिले ते संगीतातले. मराठीत आम्ही प्राध्यापक मंडळींनी त्याचे 'बहुस्वरता', 'बहुआवाजीपणा' असे जडशीळ तर्जुमे केले आहेत. मुले ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्यांचा दोष नाही. ज्याने ते संगीत ऐकलेच नाही, त्याला ती उपमा काय सांगणार?

आपल्या संगीतात एक गाणारा असतो आणि बाकीचे त्याची साथ करतात. तंबोरा आधार देतो, पेटी मागोमाग येते. जुगलबंदीतही बहुतेक वेळ एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे. युरोपात मात्र पॅरिसच्या नोत्र दामसारख्या चर्चमध्ये बाराव्या शतकापासून एका चालीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा निरनिराळ्या चाली एकाच वेळी गाण्याची कला वाढत गेली आणि अठराव्या शतकात योहान सेबास्टियन बाखने तिला शिखरावर नेले. (बाख वेगळा आणि बाख्तीन वेगळा, दर वर्षी एक तरी उत्तरपत्रिका दोघांना एक करते.) बाखने शिकणाऱ्यांसाठी दोन आवाजांच्या पंधरा छोट्या रचना केल्या आहेत. आपल्या पेटीवर डावा हात भाता ओढतो आणि उजवा गातो. बाखच्या या रचनांत दोन्ही हात गातात. उजव्याने सांगितलेले डावा थोड्या वेळाने आपल्या जागेवरून सांगू लागतो, तोवर उजवा पुढे निघून गेलेला असतो, आणि यातला खरा कोण व साथीचा कोण, हे शेवटपर्यंत ठरत नाही.

हे संगीत आपल्यापासून फार दूर होते असेही नाही. पोर्तुगीजांबरोबर ते सोळाव्या शतकात गोव्यात आले आणि चर्चच्या शाळांतून मुरले. गोव्याचा मांडो अजूनही दोन आवाजांत गातात. पुढे हेच गोवेकर व्हायोलिनवाले मुंबईच्या चित्रपटांत आले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावे. लताबाईंच्या गाण्यामागे व्हायोलिनांचा ताफा मधूनच आपली वेगळी चाल धरून जातो, ती करामत अशा लोकांची. आपण ऐकतो लताबाई. पण कान टवकारून एकदा मागचेच ऐकावे.

तरीही वर्गात मी बाख वाजवून दाखवला तेव्हा मुलांचे चेहरे कोरेच राहिले. मग मला जसरंगी आठवली, आणि माझे मलाच काही तरी नव्याने कळले.

जसरंगी ही पंडित जसराज यांची कल्पना. एक गायक आणि एक गायिका समोरासमोर बसतात आणि दोन वेगळे राग गातात, कधी आळीपाळीने, कधी एकदम. आपल्या पुण्याचे संजीव अभ्यंकर आणि मुंबईच्या अश्विनी भिडे-देशपांडे यांनी ही जुगलबंदी बरीच गाजवली. ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, दोन राग एकत्र, आणि तरी बेसूर कसे नाही? यामागे आपली जुनी मूर्च्छनेची रीत आहे. पुरुषाचा जो मध्यम, तो बाईने आपला षड्ज धरायचा. समजा, तो अभोगी गातो आहे : सा, रे, कोमल गंधार, मध्यम, धैवत. आता त्याच्या मध्यमाला 'सा' म्हणा आणि तेच पाच स्वर पुन्हा मोजा. त्याचा धैवत तिचा गंधार होतो, त्याचा षड्ज तिचा पंचम, त्याचा रिषभ तिचा धैवत आणि त्याचा कोमल गंधार तिचा कोमल निषाद. म्हणजे झाला कलावती! घरी पेटी असेल तर आजच करून पाहावे. पट्ट्या त्याच पाच, पण घर बदलले की रागच बदलतो. अभोगीचा ओढाळ, कातर भाव एकीकडे आणि कलावतीचा मोकळेपणा दुसरीकडे.

मला वाटते, बाख्तीनला जे सांगायचे होते ते मराठी माणसाला बाखपेक्षा यावरून लवकर कळेल. निवेदक किती, यावरून कादंबरी अनेक आवाजांची होत नाही. षड्ज किती, हे पाहायचे. त्याच घटना, तीच माणसे. पण प्रत्येकाने आपल्या 'सा'वरून मोजलेली. बाख्तीनने स्वतःच ही संगीताची उपमा म्हणजे नुसती उपमा आहे, असे बजावले होते. तेव्हा मी ती थोडी वाकवली तर त्याची हरकत नसावी.

या कसोटीवर मी वर्गात 'मृत्युंजय' घेतली आणि अडचणीत आलो.

'मृत्युंजय' १९६७ साली पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने काढली, तेव्हा शिवाजी सावंत जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. नऊ भाग, त्यांतले चार कर्णाचे आणि उरलेले कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व श्रीकृष्ण यांचे. सहा निवेदक! वरवर पाहता याहून अनेकस्वरी कादंबरी मराठीत शोधून सापडणार नाही. माझ्या आईने ती तीनदा वाचली होती आणि प्रत्येक वेळी रथाचे चाक रुतले की स्वयंपाक खोळंबायचा. मीही अकरावीत ती रडत वाचली आहे. म्हणून पुढचे लिहिताना हात जड होतो. हे सहाही जण एकाच भाषेत बोलतात. त्याच उपमा, तीच गंभीर लय. आणि बोलतात ते कर्णाविषयीच. आई, बायको, भाऊ, मित्र, सगळ्यांचा षड्ज एकच, आणि तो म्हणजे कर्ण. हे फार मोठे, फार सुरेल समूहगान आहे. पण समूहगान वेगळे.

मी हे सांगत होतो तेव्हा अप्पर इंदिरानगरातून येणारी एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, मग अर्जुनाला का नाही बोलू दिलं?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. खरेच, अर्जुन नाही, द्रौपदी नाही. इतकेच काय, कर्णाला नदीतून काढून वाढवणारी राधासुद्धा नाही. रथाचे चाक रुतले, कर्ण खाली उतरला, अर्जुनाने बाण सोडला. स्वर तेच. कर्णाच्या षड्जावरून तो अधर्म आहे. पण काही दिवसांपूर्वीच ज्याच्या पोराला अनेकांनी मिळून घेरून मारले आणि त्या अनेकांत कर्णही होता, त्या बापाच्या षड्जावरून ते चाक कसे दिसले असते? महाभारतात व्यासांनी त्या क्षणी श्रीकृष्णाच्या तोंडून अभिमन्यूची आठवण काढवली आहे. व्यासांना दोन्ही राग ऐकू येत होते.

खांडेकरांच्या १९५९ सालच्या 'ययाति'बद्दलही मला थोडे असेच म्हणावेसे वाटते. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघेही आपापली कहाणी सांगतात. पण देवयानी बोलायला उभी राहते तेव्हा तिचा निकाल आधीच लागला आहे अशी शंका येत राहते. असो. या दोन्ही पुस्तकांनी मराठी घराघरांत वाचक तयार केले, हे ऋण मोठे आहे आणि ते माझ्यासारख्याच्या टीकेने कमी होत नाही.

याउलट 'रणांगण' पाहावी. १९३९ सालची विश्राम बेडेकरांची ही छोटीशी कादंबरी. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू घेऊन युरोपातून एक आगबोट निघाली आहे. तिच्यावर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हेर्टा ही ज्यू मुलगी यांची गाठ पडते. जवळजवळ सबंध कादंबरीभर आपण चक्रधराचेच ऐकतो. प्रेमात पोळलेला, स्त्रियांविषयी कडवट झालेला, जरा आढ्यतेखोर आवाज. आपण त्याच्या 'सा'ला सरावतो. मुंबई येते, तो उतरतो, बोट पुढे निघून जाते. आणि मग येतात हेर्टाची पत्रे. तेच बोटीवरचे दिवस, तीच माणसे, पण आता तिच्या घरावरून मोजलेली, जिला घरच उरलेले नाही अशा मुलीच्या. पत्रे थोडीच आहेत. पण ती वाचून झाल्यावर मागची सगळी पाने नव्याने वाचावीशी वाटतात आणि चक्रधराने सांगितलेला प्रत्येक प्रसंग आता दुहेरी ऐकू येतो. दोनच आवाज, त्यातला एक शेवटी शेवटी लागलेला. पण घरे दोन आहेत.

आणि फार जुने उदाहरण हवे असेल तर आपल्या गद्याच्या आरंभीच ते आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गोळा केल्या, त्याचे 'लीळाचरित्र' झाले. तो ज्याला त्याला गाठून विचारत हिंडला. माणसे जशी बोलली तशी त्याची मराठी आहे, छोटी छोटी वाक्ये, घरगुती शब्द. एखाद्या प्रसंगाबद्दल दोघांची आठवण निराळी असली तर तो फरकही त्या परंपरेने पुसून टाकला नाही, जपून ठेवला. ज्यांना आपले गुरू परमेश्वर वाटत होते त्यांनी हे केले. आणि मी माझ्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचे चौदा पानांत एकच गोड गाणे करून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी पुन्हा निघालो. या वेळी प्रश्न एकच : टँकरची रात्र.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचा उन्हाळा. नळाला पाणी नव्हते. रात्री साडेअकराला टँकर आला. एक रबरी नळी, जिन्यातला एक दिवा, रांगेत भांडी. एवढे सगळ्यांचे सारखे आहे.

शेठजी म्हणाले, "टँकर मी मागवला, सर. तीनशे रुपये माझ्या गल्ल्यातून दिले. सगळ्यांनी वर्गणी देतो म्हटलं. साठ रुपये अजून यायचेत." एवढे बोलून ते हसले. पण साठ हा आकडा त्यांना तीस वर्षे पाठ होता. त्यांच्या गोष्टीत भांडण नव्हते आणि हंडाही नव्हता.

कंडक्टरदादांच्या गोष्टीत रांग होती. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर नंबर लिहून वाटले होते, आधी मालक, मग भाडेकरू; कमिटीचाच ठराव होता तसा. "रांग म्हणजे रांग. एस. टी.त एकाला पुढं घेतलं की मागचे चाळीस ओरडतात. कोणी मधे घुसलं, मी एक भांडं बाजूला ठेवलं. एवढंच." त्यांनी 'भांडं' म्हटले.

काकूंच्या घरी त्या रात्री धाकटा मुलगा तापाने फणफणला होता. पट्ट्या ठेवायला घरात तांब्याभर पाणी नव्हते. "मी म्हनलं, दादा, येक हंडा भरून घ्यू द्या, पोर तापलंय. त्ये म्हनले, भाडंकरू मागनं. मी नळीला हात लावला. तवा त्येंनी हंडा उचलला आन् भिरकावला. रस्त्यानं गडगडत खाली चौकापर्यंत गेला. समदी बघत हुती. कुनी बोललं न्हाई." पुढे अकरा वर्षे ही दोन घरे एकमेकांशी बोलत नव्हती. मग त्याच पोराच्या लग्नात दादांनीच जेवणाच्या पंगतीची व्यवस्था पाहिली. ती कशी जमून आली, हे दोघांपैकी कोणीही मला सांगितले नाही.

मी तिन्ही हकिकती एकाखाली एक, त्यांच्याच शब्दांत लिहून काढल्या आणि 'एकजुटीने'वर काट मारली. अध्यक्षांनी कागद वाचून परत दिला. "सर, जाताजाता कडू कशाला? बिल्डरची माणसं येणार आहेत समारंभाला." त्यांचेही चुकत नव्हते. स्मरणिकेला जाहिरात बिल्डरचीच होती. मी म्हणालो, ज्यांच्याविषयी आहे त्यांना विचारतो. ते नको म्हणाले तर नको.

काकूंना विचारण्याचा प्रश्न नव्हता. शेठजींनी वाचून "साठ रुपयांचं राहू द्या की," असे सांगितले. म्हणजे ठेवा की गाळा, हे मी दोनदा विचारले, तेव्हा म्हणाले, "ठेवा."

राहिले दादा. संध्याकाळी ते गॅलरीत बसले होते. खाली अप्परची बस लागली होती आणि तिचा कंडक्टर कोणाशी तरी सुट्ट्यांवरून हुज्जत घालत होता. मी कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावला, आधी स्वतःचे वाचले, मग शेठजींचे, आणि शेवटी काकूंचे. ते वाचायला त्यांना फार वेळ लागला. बस निघून गेली तरी कागद हातातच होता. मला वाटले, आता फाडतात.

त्यांनी माझ्या खिशातले पेन मागून घेतले आणि काकूंच्या हकिकतीतल्या एका शब्दावर बोट ठेवले.

"तांब्याचा नव्हता हंडा," ते म्हणाले. "पितळी होता. गळ्याशी पोचा आला होता. लिहायचं तर नीट लिहा."